झोपेतला मेस्त्री

विश्राम मेस्त्रींनी बायकोला पहिली लाथ मारली ती लग्नाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही गाढ झोपेत. त्याआधीच्या एक्केचाळीस वर्षांत त्यांनी ताट सरकवलं असेल, दोन-दोन दिवस अबोला धरला असेल, पण हात उगारल्याचं वैजयंतीला आठवत नव्हतं. त्यामुळे शिमग्यानंतरच्या एका पहाटे ती पलंगावरून धपकन खाली आली तेव्हा तिला आधी धरणीकंपच वाटला. उठून बघते तर मेस्त्री डोळे मिटून, उताणे पडून, कुणा टेम्पोवाल्याला झापत होते.

"गाडी हळू घे मेल्या. मागे पेटी आसा, भाताची पोती नाय."

वैजयंती कंबर चोळायची विसरली. लाथेचं तिला फारसं काही वाटलं नाही, आवाजाचं वाटलं. हा आवाज तिनं तीन वर्षांत ऐकला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मेस्त्रींना पार्किन्सन जडला. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी थरथरू लागली, मग चाल आखडली आणि मग आवाज बसला. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला जातं तसा तो खाली खाली गेला. शेजारी बसलेल्या वैजयंतीलाही कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागे. काय म्हणालात, असं तिनं तीनदा विचारलं की मेस्त्री कंटाळून हात हलवत आणि विषय तिथंच मरे. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. घरात दोघंच, आणि दिवसाला दहाबारा शब्दांवर संसार चाललेला.

हात गेले त्याचं दुःख तर बोलायलाच नको. कुडाळपासून सावंतवाडीपर्यंत भजनी बुवा बारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, बसण्याआधी विचारत, पेटी मेस्त्रींनी लावलेली आहे ना? पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक जीभ असते. तिचं टोक कानशीनं किंचित घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. किंचित म्हणजे किती, तर मेस्त्री म्हणायचे, मुंगीनं पाय पुसावा तितका. अशा कामात थरथरत्या अंगठ्याचं काय काम? मेस्त्रींनी एके दिवशी कानशी तेल लावून फडक्यात गुंडाळल्या, हत्यारांच्या पेटीत ठेवल्या आणि तिच्यावर टीव्ही ठेवला.

तर त्या पहाटेपासून वैजयंतीनं एक गोष्ट केली, जी तिनं कुणालाच सांगितली नाही. ती साडेचारला जागी होऊन, लाथेच्या टप्प्याबाहेर सरकून, वाट बघत पडून राहू लागली. पाचच्या सुमाराला मेस्त्री बोलायला लागत. कधी गिऱ्हाइकाशी, कधी मेलेल्या भावाशी, आणि बऱ्याचदा तिच्याशी. छत्री घेतलंस काय, असं विचारत. ती हळूच म्हणे, घेतलंय. मग ते म्हणत, बरा केलंस. एवढंच. पण दिवसभराच्या दहाबारा शब्दांपेक्षा हे तीनचार शब्द तिला जड वाटत, आणि उठून चहा टाकताना ती उगाच गुणगुणत असे.

हे असंच चाललं असतं. पण मे महिन्यात मेस्त्रींचं कोपर तिच्या डोळ्यावर बसलं, डोळा काळानिळा झाला आणि वाडीत बोभाटा झाला. साठी उलटल्यावर मेस्त्री बायकोवर हात टाकायला लागले, असं बायका पाणंदीत थांबून बोलू लागल्या. गोपीनाथबुवा लाड, ज्यांच्या तीन पेट्या मेस्त्रींच्या हातच्या होत्या, ते तर घरी येऊन मेस्त्रींना चार उपदेशाचे अभंग ऐकवून गेले. आपण झोपेत हातपाय चालवतो हे मेस्त्रींना स्वतःला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांना कळलं तेव्हा ते अंगणात जाऊन बसले आणि जेवायला येईनात. दुसऱ्या दिवशी वैजयंतीनं त्यांना विजेच्या एसटीत घातलं आणि ओरोसच्या नव्या निद्रा केंद्रात नेलं.

केंद्रातली डॉक्टर इरावती सामंत तिशीची, बारीक अंगाची, आणि झोपेवर बोलायला लागली की स्वतःची झोप विसरणारी मुलगी होती. तिनं मेस्त्रींना एक रात्र केंद्रात झोपवलं. खोलीत पेशंट एकटाच, असा नियम, म्हणून वैजयंती पलीकडच्या पाहुण्यांच्या खोलीत. सकाळी दोघांना समोर बसवून इरावतीनं समजावून सांगितलं.

झोप रात्रभर एकसारखी नसते. दर दीड तासानं एक टप्पा येतो, त्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि माणूस रंगतदार स्वप्नं बघतो. पहाटे हे टप्पे लांबत जातात. त्या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच काम करत असतो, पळ म्हणतो, मार म्हणतो. पण मेंदूच्या बुडाशी एक कुलूप आहे. स्वप्न सुरू झालं की ते लागतं आणि मानेखालचे सगळे स्नायू सैल पडतात. म्हणून स्वप्नात आपण वाघापुढे धावतो आणि अंथरुणात मात्र पडून राहतो. मेस्त्रींचं हे कुलूप गंजलं होतं. पार्किन्सनच्या कितीतरी माणसांत ते गंजतं, पुष्कळदा तर हात थरथरण्याच्याही आधी.

"पण खरी गंमत पुढेच आहे, काकू," असं म्हणून इरावतीनं पडद्यावर रात्रीचं चित्रीकरण लावलं. आवाज मात्र बंद ठेवला. झोपेत माणूस काय बोलतो ते त्याचं खाजगी, त्यानं सांगितल्याशिवाय आम्ही ऐकवत नाही, असं ती म्हणाली.

पडद्यावर मेस्त्री झोपलेले होते. दोन्ही हात छातीवर उचललेले. डाव्या हातात काहीतरी धरल्यासारखं, उजव्या हाताच्या चिमटीत काहीतरी बारीक. उजवा हात अलगद दोनदा पुढेमागे झाला, थांबला, पुन्हा दोनदा झाला. अंगठा दगडासारखा स्थिर होता. वैजयंतीला विचारावं लागलं नाही. ते सूर लावत होते.

आजार मेंदूच्या ज्या भागात बसलाय त्याला वळसा घालून स्वप्नातले हुकूम दुसऱ्या वाटेनं हाताकडे जातात, अशी आमची समजूत आहे, असं इरावती सांगत होती. म्हणून जागेपणी थरथरणारा हात स्वप्नात थरथरत नाही, आणि जागेपणी बसलेला आवाज स्वप्नात मोकळा होतो. मेस्त्री ऐकत नव्हते. ते पडद्यावरच्या हाताकडे बघत होते, मग मांडीवरच्या हाताकडे, मग पुन्हा पडद्यावरच्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

किती दिवस हे चाललंय, असं इरावतीनं विचारलं तेव्हा वैजयंती म्हणाली, झाला आठवडाभर. इरावतीनं तिच्या डोळ्याखालच्या निळ्या डागाकडे आणि मनगटावरच्या जुन्या पिवळ्या डागाकडे बघितलं आणि ते तसंच लिहून घेतलं.

औषध होतं. झोप शांत करणारं, लाथा थांबवणारं. पण इरावतीकडे आणखी एक प्रयोग होता, आणि तो सांगताना तिचे हात तिच्याही नकळत हलत होते. मऊ कापडाची एक बाही, मनगटापासून कोपरापर्यंत. झोपेत हाताकडे येणारा हुकूम ती कातडीवरून टिपणार, हात जागच्या जागी हलका धरून ठेवणार आणि तो हुकूम एका यांत्रिक हाताला पाठवणार. यांत्रिक हात खऱ्या कानशीनं खरं पितळ घासणार. त्याचा सूर कपाळावरच्या पट्टीतून हाडामार्फत मेस्त्रींच्या कानात, जाग येणार नाही इतका हळू, परत जाणार. झोपेत कुकरची शिट्टी ऐकू आली की स्वप्नात आगगाडी येते, तसा हा सूर स्वप्नात विणला जाणार. म्हणजे मेस्त्री स्वप्नात पेटी लावतील आणि खरोखरची पेटी लागेल. अजून कुणी हे केलेलं नाही, पण व्हायला हरकत नाही, असं ती म्हणाली.

मेस्त्रींनी वैजयंतीकडे बघितलं. एवढ्या आशेनं त्यांनी तिच्याकडे गेल्या तीन वर्षांत बघितलं नव्हतं. ती हो म्हणाली.

यंत्र घरीच बसवलं. टीव्ही उतरला, पेटी उघडली, कानशी बाहेर आल्या. पडवीतल्या मेस्त्रींच्या बाकावर तो यांत्रिक हात उभा राहिला, आणि रात्री उठून काम करतो म्हणून वाडीनं त्याला रात्री फिरणाऱ्या राखणदार भुताचं नाव दिलं, देवचार. घरातलीच एक जुनी पेटी प्रयोगाला घेतली. पहिल्या पहाटे देवचारानं एका सुराचं पितळ घासून घासून कागदासारखं केलं. दुसऱ्या पहाटे दुसऱ्याचं. इरावती हिरमुसली. हुकूम बरोबर येतोय, हात बरोबर चालतोय, मग सूर का मरतो, ते तिला कळेना.

वैजयंतीनं तिसऱ्या पहाटे बाकाशेजारी स्टूल टाकलं आणि देवचाराचं काम बघितलं. बघितल्याबरोबर तिच्या लक्षात आलं.

"हो थांबणत कसो नाय? दोन घास झाले की थांबाक होया. पितळ गरम होता. गरम पितळ खोटा बोलता."

घासलेलं पितळ तापतं आणि तापलं की सूर जरासा उतरलेला वाटतो. म्हणून मेस्त्री दोन घास देत, फुंकर मारत, थांबत, मग ऐकत. इरावतीच्या संगणकातल्या प्रोग्रॅमनं या थांबण्याला रिकामा वेळ समजून कापून टाकलं होतं. झोपेतले ते क्षण म्हणजे काहीच नाही, असं यंत्राला शिकवलेलं होतं. इरावतीनं कपाळावर हात मारून घेतला आणि सगळं थांबणं परत घातलं.

तरी चौथा सूर बिघडायला आलाच. देवचार थांबत होता, ऐकत होता, सूर लागलेला होता, आणि तरी पुन्हा घासायला लागत होता. आतल्या खोलीतून मेस्त्री झोपेत, सूर लागला का, असं विचारत होते. "लागलो?" मग घास. "लागलो?" मग पुन्हा घास.

वैजयंतीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "लागलो, पुरे."

बाकावरच्या ध्वनिग्राहकानं ते उचललं, कपाळावरच्या पट्टीतून मेस्त्रींच्या कानात नेलं. देवचारानं कानस खाली ठेवली आणि पुढच्या सुराकडे वळला.

वैजयंती स्टुलावर तशीच बसून राहिली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ती मेस्त्रींच्या पेटीचा भाता हलवत आली होती, कारण सूर लावणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. प्रत्येक सुराला ते विचारत, लागलो? ती नाय म्हणे किंवा लागलो म्हणे. तिला वाटायचं, हे आपलं विचारायचं म्हणून विचारणं, जेवलास का म्हणतात तसं. तोंडानं तर ते नेहमी म्हणत, तुका सुरातला काय कळता? आणि आज कळलं की इतकी वर्षं हा माणूस तिनं होय म्हटल्याशिवाय एकाही सुरावरून पुढे गेलेला नाही. तिला हसू आलं आणि रागही आला. जागेपणी सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती?

इरावतीनं भात्याला विजेचा पंप लावलेला होता. वैजयंतीनं तो काढायला लावला. भाता मी घालीन, ती म्हणाली. आणि मग तीन आठवडे, रोज पहाटे, आत मेस्त्री झोपेत सूर लावत होते, बाहेर वैजयंती भाता हलवत होती, आणि मधे देवचार. रोज दोन सूर, कधी तीन. मधूनच आतून खणखणीत आवाज येई, वैजू, जरा दमान घाल, आणि ती म्हणे, बरा. ते दिवस दोघांच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. मेस्त्री सकाळी उठून थेट पडवीत जात, रात्री लावलेला सूर वाजवून बघत आणि पट्टीवरून बोट काढायला तयार नसत. जेवण वाढलं. वाडीतल्या बायका काळ्या डोळ्याचं विसरून देवचार बघायला येऊ लागल्या.

घरच्या पेटीवर हात बसल्यावर पहिली पूर्ण पेटी लागली ती गोपीनाथबुवांनी आणून दिलेली. बुवांनी ती वाजवली, डोळे मिटले, आणि आपले उपदेशाचे अभंग बिनशर्त मागे घेतले. आणि मग त्यांनी बाजारात तोंड उघडलं. चतुर्थी महिन्यावर आलेली. गणपतीत घरोघर भजनं, म्हणजे घरोघर पेट्या. आठवडाभरात पडवीत सात पेट्या येऊन बसल्या. मेस्त्री मोजून मोजून खूश होत होते.

सात पेट्या आणि पहाटेला दोन सूर, हे जमणारं नव्हतं. त्यात रोज चारला उठून वैजयंतीचं ब्लडप्रेशर वाढलं. इरावतीनं काळजीनं तोडगा काढला. पंप परत लावला. आणि वैजयंतीचा आवाज एकदाच भरून घेतला: "लागलो, पुरे." सूर जुळला की यंत्र मोजमापानं ओळखेल आणि काकूंच्याच आवाजात सांगेल, काकूंनी निवांत झोपावं. वैजयंतीलाही ते पटलं. खरंच दमली होती बिचारी. पहाटेला पाच-सहा सूर होऊ लागले.

ती दहा दिवस झोपली. अकराव्या दिवशी चहा टाकताना तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणत नाही. आणि मग लक्षात आलं की दहा दिवसांत पहाटेची छत्री नाही, टेम्पोवाला नाही, मेलेला भाऊ नाही. मेस्त्री झोपेत बोलायचे थांबले होते.

तिनं इरावतीला फोन केला, पण विचारलं भलत्याच आडवळणानं, म्हणजे यांना बरं नाही का, वगैरे. इरावतीनं आलेख बघून खरं ते सांगितलं. काकांच्या सगळ्या पहाटेच्या स्वप्नांत आता पेट्याच आहेत. बाकीची स्वप्नं उरलेली नाहीत. आणि पूर्वी ते विचारायचे, आता विचारायच्या आतच उत्तर येतं, त्यामुळे विचारायचं कारणच संपलं. स्वप्न हे मेंदूचं मोकळं अंगण असतं, काकू, आपण त्यात दुकान मांडलंय, असं ती थोडं अपराध्यासारखं म्हणाली. पुढे काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. बाही ठेवायची तर ठेवू. काढायची तर हात गेले, पण लाथा येतील, बोलणं येईल. दोन्ही एका झोपेत मावत नाहीत.

वैजयंतीनं फोन ठेवला. पडवीत मेस्त्री फडक्यानं एकेक पट्टी पुसत होते. थरथरत्या हातानं, पण चेहरा असा की जणू दुकान पुन्हा उघडलंय. या माणसाला काय सांगायचं? तुमचे हात द्या, मला तुमचा आवाज हवाय? तिनं चार दिवस काही सांगितलं नाही.

पाचव्या पहाटे ती पाणी प्यायला उठली आणि पडवीच्या दारात थबकली. देवचार घासत होता, थांबत होता. मग यंत्राच्या डब्यातून तिचा स्वतःचा आवाज आला. लागलो, पुरे. पुढचा सूर. लागलो, पुरे. भरून घेतलं त्या दिवशी तिला सर्दी झालेली होती, आणि प्रत्येक वेळी तीच सर्दी. तिला स्वतःच्याच आवाजाचा असा मत्सर वाटला की पुढे होऊन तिनं डब्याचं बटण बंद केलं.

देवचारानं दोन घास दिले आणि तो थांबला. उत्तर आलं नाही. तो थांबूनच राहिला.

"लागलो?" आतून आवाज आला. जाड, अडखळलेला, दाराची कडी बऱ्याच दिवसांनी निघावी तसा.

वैजयंती आतल्या दाराकडे वळली.

"लागलो गो?" आणि मग, पुष्कळ वेळानं, पूर्वीच्या भरल्या आवाजात, "वैजू? वैजू, खय गेलंस?"

ती आत गेली. लाथेच्या टप्प्यात आहे की बाहेर, हे न बघता त्यांच्या उशाशी बसली. "हय आसंय," ती म्हणाली. "खय जातलंय?"

"दमलंस?"

"दमलंय."

"मगे ठेव तो भातो. पेटी खय पळता? चाय घेव या."

एवढं बोलून ते कुशीवर वळले आणि घोरू लागले. वैजयंती उजाडेपर्यंत तिथंच बसून होती. उजाडल्यावर तिनं चहा केला, दोन कप घेऊन समोर बसली आणि शिमग्यापासूनचं सगळं सांगून टाकलं. पहाटे वाट बघणं सांगितलं, छत्री सांगितली. डॉक्टरीणबाईला खोटं बोलले तेही सांगितलं. लाथा खाल्ल्या त्या आवाजापायी, हेही.

मेस्त्रींनी सगळं ऐकलं. मग ओठ हलले. तिनं कान नेला. "आणि हात?" असं ते विचारत होते. ती म्हणाली, हात तुमचे, तुम्ही ठरवा. मेस्त्रींनी कप खाली ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. दहाबारा शब्दही नाहीत. मात्र रात्री बाही घालायला हातही पुढे केला नाही.

तिसऱ्या दिवशी इरावती आली. मेस्त्रींनी तिच्यासमोर एक चिठ्ठी सरकवली. आजारानं त्यांचं अक्षरही मोहरीएवढं झालं होतं, तिला ते मोबाइलमध्ये मोठं करून वाचावं लागलं. पहिल्या रात्रीचा आवाज ऐकव, असं लिहिलं होतं, आणि खाली परवानगी म्हणून सही.

तिनं ऐकवला. बराच वेळ नुसता श्वास. मग आवाज आला आणि मेस्त्री दचकले, कारण स्वतःचा तो आवाज ते विसरूनच गेले होते. वैजू, छत्री घेतलंस काय? मग शांतता. वैजू, छत्री गो. मग शांतता. वैजू. शेवटच्या हाकेनंतर यंत्रात नुसती खरखर होती, आणि तिच्यात एक झोपलेला माणूस उत्तराची वाट बघत होता. त्या रात्री वैजयंती पलीकडच्या खोलीत होती.

मेस्त्रींनी बाही आणून इरावतीच्या मांडीवर ठेवली. काहीतरी पुटपुटले. इरावतीला ऐकू आलं नाही. वैजयंतीनं कान नेला, ऐकलं, आणि सांगितलं.

"म्हणतत, हातांनी काय केल्यानी ता सकाळी माका आठवणत नाय. आवाज निदान हिका तरी आठवता."

देवचार गेला. इरावतीनं लाथांचा जोर कमी होईल इतकंच थोडं औषध दिलं, पलंग काढून अंथरूण जमिनीवर घालायला सांगितलं, आणि मधे लोड ठेवायला. दुपारच्या डुलकीतही स्वप्न पडू शकतं, तेव्हा खुर्चीजवळ काही अणकुचीदार ठेवू नका, असं बजावून ती निघाली. जाताना तिनं वैजयंतीला मिठी मारली आणि कानात म्हणाली, आठवडाभर म्हणे. वैजयंती लाजली.

राहिल्या होत्या न लागलेल्या पेट्या. पाच जणांनी आपापल्या सावंतवाडीला नेल्या. गोपीनाथबुवांनी मात्र नंतर आणून ठेवलेली मंडळाची दुसरी पेटी हलवली नाही. चतुर्थीला चार दिवस उरलेले, तिचे तीन सूर बाकी, आणि बुवा पडवीत ठाण मांडून बसले. देवाला काय सांगू, असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत वैजयंती उठली, तिनं फडकं सोडलं आणि बारीक कानस उचलली. बुवांना म्हणाली, तुम्ही संध्याकाळी या.

कानस तिनं आयुष्यात हातात धरली नव्हती. पण किती घासायचं, कधी थांबायचं, हे इतकी वर्षं हाताच्या अंतरावरून बघितलेलं होतं. मेस्त्री न सांगता भात्यापाशी येऊन बसले. त्यांचा हात थरथरे, हवा थरथरे, आणि पेटी थंडी वाजल्यासारखी गाई. दोघांनाही हसू आवरेना. मग त्यांनी तळहाताऐवजी कोपर भात्याला लावलं, तेव्हा जरा बरं चाललं.

पहिल्या सुराला तास लागला. ती घासे, फुंकर मारी, थांबे आणि त्यांच्याकडे बघून विचारी, लागलो? मेस्त्री मान हलवत. दुसऱ्याला तेवढाच. तिसरा मात्र हट्टी निघाला. चढवला की जास्त चढे, उतरवला की जास्त उतरे. दुपार कलली. भाता मंद होत गेला आणि थांबला, तेव्हा तिनं मान वर केली. मेस्त्री खुर्चीत मान टाकून झोपले होते. पापण्यांखाली डोळे हलत होते. कोपर अजून भात्यावरच होतं.

तिनं डाव्या हातानं स्वतःच भाता ओढला आणि पट्टी दाबली. सूर निघाला. सवयीनं, कुणाला असं नाही, ती म्हणाली, "लागलो?"

"लागलो गो, वैजू," मेस्त्री डोळे मिटून म्हणाले. आवाज पडवीभर घुमला, अंगणातल्या कोंबड्या माना वर करून बघायला लागल्या. "पुरे. तुझ्या कानाक मी कधी नाय म्हटलंय?"

सूर अजून केसभर उतरलेला होता. तिला ते स्पष्ट ऐकू येत होतं. तिनं कानस खाली ठेवली.